तांब्याची नळी, कळकणं आणि पाण्याची नासाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

घरी बिअर करताना उकळलेला वॉर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, झटपट गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं कसं वळायचं (ते वॉर्टमध्ये बुडवून आतून नळाचं गार पाणी सोडतात), या माझ्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. बिनकल्हईच्या तांब्यात आंबट पदार्थ कळकतो, मग ही नळी वॉर्टमध्ये बुडवायचीच कशी? एका खेपेला एवढं पाणी गटारात सोडणं हा माज नाही का? आणि तुमच्या मेलबर्नला लोक गरम वॉर्ट थेट प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून रात्रभर ठेवून देतात, मग हा खटाटोप हवाच कशाला? वर ‘खाण्यापिण्यात जुगाड नको’ असंही बजावलंत. ते मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो.

आधी तांबं. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की आमच्याकडेही बोलणी बसायची, आणि ती रास्तच होती. पण पदार्थ कळकायला आंबटपणा लागतो, तसा वेळही लागतो. वॉर्टचा पीएच (आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) पाच-सव्वापाचच्या आसपास असतो, म्हणजे तो ताकापेक्षा बराच कमी आंबट. त्यात नळी राहते ती उकळीची शेवटची १५ मिनिटं, तीही निर्जंतुक व्हावी म्हणून, आणि पुढे गार होईपर्यंत. तेवढ्यात उतरणारं तांबं थोडं असतं आणि त्यातलं बरंचसं यीस्ट ओढून घेतं. चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहरात पिल्सनर उर्क्वेल या बिअरचा वॉर्ट आजही तांब्याच्या कढयांमध्येच उकळतो.

जपायचं ते दुसरीकडे. नळी वॉर्टमधून बाहेर काढल्यावर लख्ख गुलाबी दिसते. दिसायला छान, पण अंगावरचा काळपट थर वॉर्टमध्ये गेला म्हणून ती तशी दिसते. त्यामुळे नळी आधीच घासलेली हवी. देवाच्या तांब्याला आपण चिंच-मीठ लावतो, तसंच इथे पाणी घातलेलं व्हिनेगर लावायचं आणि खळखळून धुवायचं. कुठे हिरवा जंगाल दिसला, तर तो पूर्ण निघाल्याशिवाय नळी वापरायचीच नाही. आणि आंबून तयार झालेल्या बिअरमध्ये तांबं कधीही बुडवू नये. तिचा पीएच साडेचारच्या खाली गेलेला असतो, तिथे तुमचा कल्हईचा नियम तंतोतंत लागू होतो.

आता जुगाडाचं. दुकानातल्या बऱ्याच तयार वेटोळ्यांत हीच ३/८ इंची मऊ तांब्याची नळी असते. माल तोच, वाचते ती वळण्याची मजुरी. नळी चेपू नये म्हणून तिच्यावर वळणाची स्प्रिंग चढवायची आणि आपल्या पातेल्यापेक्षा थोड्या लहान डब्याभोवती सावकाश गुंडाळायची. डाग, म्हणजे सोल्डर, मी कुठेच देत नाही. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असायचं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या नळजोडणीत त्यावर १९८६ मध्ये बंदी आली. नळीची दोन्ही टोकं पातेल्याच्या काठावरून बाहेर वळवून खाली आणायची आणि रबरी पाइप क्लॅम्पने तिथे जोडायचा. जोड गळला तरी थेंब जमिनीवर पडतो, वॉर्टमध्ये नाही. या दोन वळणांसाठी नळी दोन-तीन फूट जास्त घ्यावी लागते, तिथे मात्र काटकसर करू नये. परतीचा पाइप उष्णता सोसणारा, सिलिकॉनचाच घ्या. सुरुवातीला त्यातून येणारं पाणी हात भाजण्याइतकं कढत असतं.

पाण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९ लिटर वॉर्ट १०० अंशांवरून २० वर आणायचा आणि नळाचं पाणी सरासरी २० अंश तापून बाहेर पडतं असं धरलं, तर ७६ लिटर पाणी लागतं. यातलं पहिलं कढत पाणी बादल्यांत धरून मी भांडी घासायला वापरतो, उरलेलं गार झालं की झाडांना. शिवाय इथे टेक्सासात उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट असतं, त्यामुळे ४० अंशांच्या खाली वॉर्ट हलता हलत नाही. तिथे नळ बंद करायचा आणि बादलीतलं बर्फाचं पाणी छोट्या पंपाने वेटोळ्यातून फिरवायचं. उरलेल्या २० अंशांना हिशेबाने पाच किलोच्या आत बर्फ पुरतो, प्रत्यक्षात थोडा जास्त ठेवावा. हाच बर्फ उकळत्या वॉर्टपासून वापरलात, तर १५ किलोंनीही भागायचं नाही. मात्र वॉर्ट सतत ढवळत राहा, नाहीतर नळीलगतचा तेवढा गार होतो आणि बाकीचा तसाच राहतो.

तुमच्याकडच्या कॅनच्या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. ज्या देशाने एवढे दुष्काळ काढले, तिथे ती रुजणारच. पण झाकणबंद वॉर्ट तासन् तास गरम राहिला की हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा वाढत राहतो. फिक्या पिल्सनर माल्टमधून तयार होणारा डायमिथाइल सल्फाइड हा वासाचा पदार्थही कोंडला जातो आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येऊ शकतो. हॉप्स कधी टाकायचे ते बदलून कडवटपणाचं गणित जुळवता येतं. पण मी बहुतेक फिक्या लागर बिअरच करतो, म्हणून मला वेटोळंच हवं.

तुम्ही करून बघणार असाल, तर पहिल्या खेपेला वॉर्ट नको. नवी नळी साबणाच्या पाण्याने धुवा, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्यात उकळून घ्या, म्हणजे कारखान्यातलं तेल निघून जाईल. मग पातेल्यात नुसतं पाणी उकळून त्यात वेटोळं सोडा, नळ पूर्ण उघडा आणि दोन्ही क्लॅम्पखाली कोरडा कागद धरून ठेवा. कागद ओला झाला तर क्लॅम्प बदला.