तीस दिवस, एक मोबाईल आणि फाडफाड इंग्रजी

गेले काही महिने एक मेसेज फिरतो आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला, तिसऱ्यांदा थेट मामांकडून. मजकूर थोडक्यात असा: इंग्रजीला आता मास्तर नको, व्याकरण नको. मूल आईची भाषा ऐकून शिकतं, तसं मोबाईलवर रोज तासभर ऐका, तीस दिवसांत फाडफाड बोलाल. मोबाईल घरोघरी आहेच, मग सबब कसली?

मी स्वतः संध्याकाळी ऑनलाइन क्लास घेतो. मोबाईलवरच पोट आहे म्हणा ना. त्यामुळे मोबाईलशी माझं भांडण नाही, या हिशेबाशी आहे.

तीस दिवस, रोज एक तास, म्हणजे झाले ३० तास. केंब्रिजची परीक्षा घेणारी मंडळी सांगतात की शून्यापासून बी-वन पातळीला, म्हणजे ओळखीच्या विषयावर आपलं म्हणणं मांडता येण्याइतपत पोचायला, शिक्षकाच्या हाताखाली ३५० ते ४०० तास लागतात. रोज तासभर दिला तरी वर्ष सरतं. यावर मामांचं उत्तर तयार होतं, ‘आपण शून्यावर कुठे आहोत?’ खरं आहे. मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. पण मग दहा वर्षांत जे तोंडातून निघालं नाही, ते नुसतं ऐकून ३० तासांत कसं निघेल? एवढ्या वेळात जीभ थोडी सैल होते. स्वतःची ओळख करून देणं, मुलाखतीतले पहिले दोन प्रश्न निभावणं जमतं. तेही कमी नाही, पण त्याला फाडफाड म्हणत नाहीत.

आता आईची भाषा. तीस दिवसांचं मूल फक्त रडतं, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. शिवाय आई नुसती ऐकवत नाही. ती थांबते, तोंडाकडे बघते, उत्तराची वाट बघते. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कुल यांनी अमेरिकेत २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांपैकी काहींशी चिनी माणसं समोर बसून खेळली-बोलली, काहींना तसंच बोलणं पडद्यावर दाखवलं. पहिल्या गटातली बाळं चिनी ध्वनी वेगळे ओळखू लागली. पडद्यासमोरची होती तिथेच राहिली. हा निष्कर्ष तिशीतल्या माणसाला जसाच्या तसा लावू नये, मान्य. पण बाळाचा दाखला काढला कोणी?

व्याकरण नको, हे मात्र मला सगळ्यात झोंबतं. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ याचं आमच्या क्लासात हमखास होतं ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’. हवं असतं ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. हजार रील्स बघून ही चूक जात नाही, कारण अर्थ पोचतो आणि कुणी टोकत नाही. आपलं एक ‘पासून’ इंग्रजीत कधी सिन्स होतं, कधी फॉर, कधी फ्रॉम. मराठी जाणणाऱ्याने दोन मिनिटं समजावलं की निदान चूक कळते तरी. नामाआधी येणारी इंग्रजीतली ‘द’ आणि ‘अ’ ही उपपदं तर मराठीत नाहीतच. नसलेली गोष्ट कानाला सापडायची कशी?

ॲप्सबद्दल फार लिहीत नाही. शब्द ठरावीक अंतराने पुन्हा समोर आला की टिकतो, हे स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं, आणि ते काम ॲप चोख करतं. शिवाय चुकलो तर फोन हसत नाही, हा मोठा गुण. पण चारांतला एक पर्याय बोटाने दाबणं म्हणजे बोलणं नव्हे.

राहिली सबब. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता. इथवर मामा बरोबर. पण ज्यांना तो वापरता येतो, त्यांच्यातल्या ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. घरात फोन असणं आणि हातात असणं यांत एवढं अंतर आहे.

माझा क्लास सातचा. एका मुलीचे वडील साडेआठला घरी येतात, फोन त्यांच्याबरोबर येतो. तिला रेकॉर्डिंग पाठवायचो, पण रेकॉर्डिंगला शंका कशी विचारणार? शेवटी तिची जोडी दवाखान्यात काम करणाऱ्या एका ताईंशी लावून दिली. त्यांनाही सात जमत नाहीत. रात्री दहा मिनिटं साधा फोन, नेट नाही, व्हिडिओ नाही, बोलायचं फक्त इंग्रजीत. पहिल्या दिवशी दोघी ‘हॅलो’ म्हणून गप्प बसल्या आणि मग हसतच सुटल्या म्हणे. हल्ली भाजीच्या भावावरून वाद घालतात. ‘सिन्स’ अजून चुकतं.