‘कागद लागत नाही’ म्हणजे ‘चालतं’ नव्हे: बंदुकीच्या त्या फॉरवर्डला उत्तर

डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या आपल्या लोकांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मराठी मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. टेक्ससमध्ये दुकानातून न घेता एखाद्या माणसाकडून परस्पर बंदूक घेतली तर बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याच्या सरकारी नोंदींची तपासणी, लागत नाही, त्यामुळे व्हिसा कुठलाही असो, बंदूक घेता येते. ही सोय बंद करायला निघालेले लोक ढोंगी आहेत, कारण गुन्हेगारांपैकी फक्त ०.८ टक्के लोक गन शोमधून, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीतून, बंदूक घेतात, बाकीचे बहुतेक चोरतात. कॅलिफोर्नियात चेक सक्तीचा करून काही साधलं नाही. चेक आला की नोंदणी येणार आणि नोंदणी आली की जप्ती. बापाला लेकाला बंदूक देता येणार नाही. आणि शेवटी हुकमाचा एक्का: गांधीजीसुद्धा बंदुकीच्याच बाजूचे होते.

असले मेसेज मी न वाचता पुसतो. हा वाचावा लागला, कारण भाच्यानं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, टीममधला एक जण त्याचं नऊ एमएम पिस्तूल विकतोय. प्रायव्हेट सेलला काहीच लागत नाही म्हणे. घेऊन टाकू का?’ भाचा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहे. आपल्या घरांत सोनं असतं हे चोरांना कळल्याला बरीच वर्षं झाली, तेव्हा त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या मेसेजचा पहिलाच मुद्दा त्याला थेट तुरुंगात नेऊन बसवणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

चेक कुणी करत नाही, याचा अर्थ तुम्हाला परवानगी आहे असा होत नाही. नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याच्या नसलेल्या, व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा फेडरल कायद्यानं १९९८ पासून गुन्हा आहे. शिक्षणाचा एफ-१, नोकरीचे एच-१बी आणि एल-१, कुटुंबीयांचा एच-४, सगळे त्यात आले. सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला आलेले आई-वडीलही आले. कायद्यातला शब्द ‘बाळगणं’ आहे, तेव्हा बंदूक दुकानातून आली, मित्राकडून आली की कुणी फुकट दिली, यानं काडीचा फरक पडत नाही. २०२२ च्या जूनमध्ये या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवरून पंधरा वर्षं झाली. शिवाय हद्दपारीची टांगती तलवार वेगळी. ग्रीन कार्डाच्या रांगेत दशक काढायचं आणि एका पिस्तुलापायी सगळं घालवायचं!

‘पण कोण बघतंय?’ हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. फ्लोरिडात स्टुडंट व्हिसावर आलेल्या एका तरुणाला कॉलेजनं काढून टाकलं, त्याचं स्टेटस गेलं, आणि तो शूटिंग रेंजवर जाऊन बंदूक चालवून आला. विकतसुद्धा घेतली नव्हती. तेवढ्यावर खटला झाला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१९ मध्ये कोर्टानं त्याच्या बाजूनं सांगितलं ते एवढंच, की आरोपीला स्वतःचं स्टेटस ठाऊक होतं हेही सरकारनं सिद्ध करावं. आता माझ्या भाच्याचं बघा. पासपोर्टात शिक्का, दर तीन वर्षांनी एक्स्टेन्शनची धावपळ, वर मामाला लेखी प्रश्न. सरकारी वकिलाला आणखी काय हवं?

आणि विकणारा? ज्याला बंदूक बाळगायची बंदी आहे हे माहीत आहे, किंवा तसं वाटायला वाजवी कारण आहे, अशा माणसाला बंदूक विकणं हाही तितकाच मोठा गुन्हा. दोघं एकाच टीममध्ये, व्हिसा लागला तेव्हा पेढे त्यानंही खाल्ले असणार. फॉरवर्ड लिहिणाऱ्या सद्गृहस्थानं एका वाक्यात दोघांची सोय लावून दिली आहे.

एक अपवाद आहे, तो लपवत नाही. राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर व्हिसावरच्या माणसालाही बंदूक घेता येते. पण तोही अर्धवट ऐकून कुणी धावू नका. टेक्ससचा शिकार परवाना ३१ ऑगस्टला संपतो. नवा काढायला विसरलात तर कपाटातली तीच बंदूक दुसऱ्या दिवशी बेकायदा होते.

आता माझा भाचा दुकानात गेला असता तर? परवानाधारक विक्रेता, ज्याला इथे एफएफएल म्हणतात, त्याच्यासमोर ४४७३ नंबरचा फॉर्म ठेवतो. त्यात नागरिकत्व कुठलं, नॉन-इमिग्रंट व्हिसावर आला आहात का, असला तर अपवादात बसता का, हे प्रश्न सरळ विचारलेले असतात. पोराला तिथेच कळलं असतं आणि तो हात हलवत घरी आला असता. खाजगी विक्रीत हे प्रश्न विचारायला कुणीच नसतं, आणि फॉरवर्ड त्यालाच स्वातंत्र्य म्हणतंय.

आता तो ०.८ चा आकडा. तो खरा आहे, म्हणूनच जास्त चीड येते. अमेरिकी न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागानं २०१६ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांची पाहणी केली आणि २०१९ मध्ये अहवाल काढला. गुन्ह्याच्या वेळी ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांना ती कुठून मिळवली हे विचारलं होतं. गन शो ०.८ टक्के, बरोबर. पण त्याच तक्त्यात बाकीचे आकडे आहेत, ते कापायला कात्री बरी सापडली! रस्त्यावरून किंवा चोरबाजारातून ४३ टक्के. नातेवाईक, मित्र किंवा भेट म्हणून २५ टक्के. स्वतः चोरलेली, जी या मेसेजनुसार ‘बहुतेक’ असायला हवी, ती ६ टक्के. आणि गन शोसकट सगळ्या प्रकारच्या दुकानांतून मिळून साधारण १० टक्के.

म्हणजे जिथे चेक आहे तिथून दहातला एक, आणि जिथे कुणी काही विचारत नाही तिथून दोन तृतीयांश. हा आकडा खाजगी विक्रीच्या बाजूनं कसा वापरता येतो हे मला कुणीतरी समजावून सांगावं. गन शोचा आकडा लहान असण्याचं एक कारण असंही आहे की तिथली बरीच टेबलं एफएफएलवाल्यांची असतात आणि त्यांना तिथेही चेक करावाच लागतो. प्रश्न गन शोच्या मंडपाचा कधीच नव्हता. इंटरनेटवरची जाहिरात आणि पार्किंग लॉटमधली भेट, हा खरा रस्ता आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की चोरबाजारवाला काय चेक करणार आहे? नाही करणार. पण बंदुका झाडाला लागत नाहीत. जवळपास प्रत्येक बंदूक कारखान्यातून निघून आधी कुठल्यातरी दुकानात, फॉर्म भरूनच विकली जाते. मग कुठल्यातरी हातातून ती चोरबाजारात उतरते. तो हात अनेकदा ‘मी फक्त माझी जुनी बंदूक विकली’ असं म्हणणाऱ्याचा असतो. कायदा त्या टप्प्यावर हवा आहे.

लांब जायला नको, आपल्याच राज्यातलं बघू. ३१ ऑगस्ट २०१९, मिडलंड-ओडेसा. एका माणसानं गाडीतून फिरत गोळ्या झाडल्या, सात जण मेले, दोन डझनांच्या आसपास जखमी झाले. हा माणूस २०१४ मध्ये दुकानात गेला होता आणि मानसिक आरोग्याच्या नोंदीमुळे चेकमध्ये अडकला होता. यंत्रणेनं तिचं काम चोख केलं. मग त्यानं लबॉकच्या एका माणसाकडून खाजगी व्यवहारात रायफल घेतली. त्या विक्रेत्याला पुढे विनापरवाना बंदुकांचा धंदा केल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. तोवर सात घरं उठली होती.

इथे एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो, कारण ती खरी आहे. टेक्ससमधल्याच उवाल्डेच्या शाळेत २०२२ साली गोळीबार करणाऱ्या मारेकऱ्यानं रायफल कायदेशीर घेतली होती. सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २०१७ साली २६ माणसं मारणाऱ्यानं दुकानातून, चेक पार करून घेतली, कारण त्याला झालेली शिक्षा हवाई दलानं एफबीआयला कळवलीच नव्हती. नोंद नसेल तर चेक आंधळा. कॅलिफोर्नियाबद्दलही मेसेजमध्ये अगदी थाप नाही. तिथे १९९१ पासून सगळ्या विक्रीला चेक आहे, आणि २०१८ च्या एका अभ्यासात पहिल्या दहा वर्षांत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंवर त्याचा परिणाम दिसला नाही. बॅकग्राउंड चेकच्या बाजूचे लोक हा अभ्यास सहसा काढत नाहीत, तसंच ‘४० टक्के विक्री चेकशिवाय होते’ हा नव्वदच्या दशकातला आकडा त्यांनी वर्षानुवर्षं रेटला. २०१७ मध्ये एका नीट पाहणीचे निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा पाहणीआधीच्या दोन वर्षांत बंदूक घेतलेल्यांपैकी २२ टक्क्यांनी चेकशिवाय घेतल्याचं निघालं. ढिलाई दोन्हीकडे आहे.

पण अभ्यास सांगायचेच तर सगळे सांगा. मिसुरीत पिस्तूल घ्यायला आधी परवाना काढावा लागायचा, खाजगी विक्रीतसुद्धा. २००७ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना त्यानंतर बंदुकीनं होणाऱ्या खुनांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. यातून मला तरी एवढंच दिसतं, की नुसता चेक कागदावर ठेवून भागत नाही, त्यामागे परवाना आणि अंमलबजावणी लागते. फॉरवर्डनं यातून काढलेला निष्कर्ष मात्र ‘मग चेकच नको’ असा आहे.

नोंदणी आणि जप्तीचा मुद्दा आपल्या लोकांना चटकन पटतो, आणि का ते मी समजू शकतो. गावाकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर असलेलं एखादं घर आपण पाहिलेलं असतं. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची, हेही पाहिलेलं असतं. सरकारला ठाऊक म्हणजे सरकारच्या हातात, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. इथे तसं नाही. बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवायला १९८६ च्या कायद्यानंच बंदी आहे. चेक पास झाला की खरेदीदाराची ओळख पटवणारी माहिती एफबीआयला २४ तासांत पुसावी लागते. ४४७३ फॉर्म दुकानदाराकडे राहतो, आणि दुकान बंद झालं तर ते सगळे एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल यंत्रणेकडे जातात. तिथे असे कोट्यवधी कागद पडलेत, हे खरं. पण नाव टाकून ते शोधायची सोय ठेवायला परवानगी नाही. चेकची ही व्यवस्था १९९८ पासून चालू आहे. एवढ्या वर्षांत तिच्या जोरावर कुणाच्या घरी जप्ती आली, हे मेसेजमध्ये नाही.

आता गांधीजी. हे अवतरण अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांचं फार जुनं लाडकं आहे. तिथून उचलून कुणीतरी मराठीत आणलं, आणि आणताना आपण कुणाला सांगतोय याचाही विचार केला नाही. ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, असं गांधीजींनी लिहिलं होतं, यात वाद नाही. कुठे लिहिलं? १९१८ साली, खेडा जिल्ह्यात, पहिल्या महायुद्धासाठी ब्रिटिश फौजेत भरती व्हा असं सांगणाऱ्या पत्रकात. हा कायदा रद्द व्हावा असं वाटत असेल, शस्त्र चालवायला शिकायचं असेल, तर ही सुवर्णसंधी आहे, असा त्या पत्रकाचा पुढचा सूर आहे. आणि तो कायदा म्हणजे १८७८ चा आर्म्स ॲक्ट. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनाला सूट! रंग बघून ठरवणारा तो कायदा, आणि तुम्हाला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, बायकोला मारल्याबद्दल कोर्टानं मनाई हुकूम दिलाय का, हे विचारणारा चेक, दोन्ही एका मापानं मोजायचे? स्वतंत्र भारतानं १९५९ मध्ये स्वतःचा आर्म्स ॲक्ट केला. परवाना त्यातही ठेवलाच. गांधीजींना पार्किंग लॉटमधल्या पिस्तूलविक्रीचे पुरस्कर्ते करून ठेवायला मात्र वेगळीच प्रतिभा लागते.

बाप-लेकाच्या मुद्द्यावर दोनच वाक्यं. गन शो आणि इंटरनेटवरच्या विक्रीला चेक लावू पाहणाऱ्या, पण २०१३ मध्ये सिनेटमध्ये लागणारी ६० मतं न मिळाल्यानं ५४ विरुद्ध ४६ वर अडकलेल्या मँचिन-टूमी प्रस्तावात घरच्या घरी बंदूक देण्याला सूट होती, आणि चेक सक्तीचा करणाऱ्या राज्यांतही जवळच्या नात्यात दिलेल्या बंदुकीला ती साधारणपणे असते. हा बागुलबुवा दर वेळी नव्यानं रंगवून आणतात.

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे आणि घरात कायदेशीर बंदूक आहे, अशी मंडळी आपल्यात बरीच आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला सोबत घेऊन एफएफएलकडे जा. तो थोडी फी घेतो, फॉर्म भरून घेतो, चेक करतो. टेक्ससमध्ये ही सक्ती नाही. ओडेसानंतर डॅन पॅट्रिक यांच्यासारख्या, एरवी बंदूकवाल्यांच्याच बाजूच्या लेफ्टनंट गव्हर्नरनंही अनोळखी माणसांमधल्या विक्रीला चेक असावा असं म्हटलं होतं. २०२१ च्या अधिवेशनात तो कायदा झाला नाही, परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरण्याचा झाला. तेव्हा तूर्त हे तुमच्यावरच आहे. आणि ग्रुपांच्या ॲडमिन मंडळींना विनंती, गांधीजी ठेवायचे तर ठेवा, पण व्हिसाबद्दलचं ते वाक्य आजच काढा. पोरं ते वाचून पैसे काढायला निघाली आहेत.