शॉर्ट लेगला आधी कॅप्टनने उभं राहावं

आज सकाळी पुतण्याची मॅच बघायला गेलो आणि डोकं तापवून घरी आलो. चौदा वर्षांखालची पोरं. त्यातलं सगळ्यात चिमुकलं पोर शॉर्ट लेगला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ फिल्डिंगला, हेल्मेट मानेवर डुगडुगतंय. कॅप्टन लांब मिड-ऑफवरून ओरडतोय, "ए, हलायचं नाही!" पुढच्याच बॉलला बॅट्समनने पूल मारला, पोर घाबरून खाली बसलं. ओव्हर संपल्यावर सगळ्यांदेखत त्याचा उद्धार. आणि कोच गप्प!

मी सतरा वर्षांचा असताना क्लबात नवा होतो. शॉर्ट लेग नव्या पोराच्याच गळ्यात मारायची हा रिवाज, तसं सगळे म्हणालेही, "ह्याला लाव." आमचे कॅप्टन, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, म्हणाले, "अजून नको," आणि स्वतः जाऊन वाकले. तिसऱ्या बॉलला स्वीप थेट नडगीवर. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज पलीकडे गली पोझिशनला फिल्डिंग करणाऱ्या मला ऐकू आला. भाऊंनी नडगीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "टाक पुढचा."

ब्रायन क्लोजचं नाव मी पहिल्यांदा भाऊंच्याच तोंडून ऐकलं. १९६३ ते १९७० इंग्लंडमधल्या यॉर्कशायर काउंटीच्या टीमचा कॅप्टन, त्यात चार वेळा काउंटी चॅम्पियनशिप. हा गडी हेल्मेट नसलेल्या काळात शॉर्ट लेगला जवळजवळ बॅट्समनच्या खिशात उभा राहायचा. १९६६ची ओव्हल टेस्ट घ्या, तेव्हा तो इंग्लंडचा कॅप्टन. वेस्ट इंडिजचा सोबर्स आला, इंग्लंडच्या स्नोने पहिलाच बॉल बाउन्सर टाकला, सोबर्सने हूक मारला. अशा वेळी कुणीही पाठ फिरवेल. क्लोज जागचा हलला नाही. बॉल बॅटची कड घेऊन सोबर्सच्या अंगावर आपटला आणि अलगद क्लोजच्या हातात. सोबर्स शून्यावर!

हो, १९६७ला एजबॅस्टनवर यॉर्कशायरच्या मॅचमध्ये त्याने हरू नये म्हणून मुद्दाम वेळ काढला. शंभर मिनिटांत फक्त चोवीस ओव्हर, आणि वॉरविकशायरला नऊ रन कमी पडले. चुकलंच ते. पण माफी मागायला तयार झाला नाही म्हणून इंग्लंडची कॅप्टनशिप काढून घ्यायची? सातपैकी सहा टेस्ट जिंकलेल्या माणसाची? (त्यातल्या तीन आपल्याविरुद्ध होत्या, तरीही म्हणतो.)

आणि यॉर्कशायरने तर कहर केला. १९७०मध्ये त्याला दहा मिनिटं दिली, राजीनामा देतोस की काढून टाकू. तरुणांना पुढे आणत नाही, असाही ठपका! तो सॉमरसेटला गेला, तिथे कॅप्टन झाला आणि बोथम, रिचर्ड्स त्याच्या हाताखाली घडले. यॉर्कशायरला पुढची चॅम्पियनशिप मिळाली थेट २००१मध्ये. बरं झालं. लिहिताना आत्तासुद्धा हात थरथरतोय माझा.

भाऊंना कामावरून उशीर झाला तरी मॅचआधी क्लबाची किट ते स्वतः उचलायचे. त्या दिवशी नडगी टम्म सुजलेली, तरी किट दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही. मॅच आम्ही हरलो, हेही सांगतो.

क्लोजही हरला. १९७६, ओल्ड ट्रॅफर्ड. वय पंचेचाळीस. समोर वेस्ट इंडिजचे फास्ट बोलर होल्डिंग, रॉबर्ट्स, डॅनियल. शनिवारी संध्याकाळी ओपनिंगचा जोडीदार एड्रिचबरोबर ऐंशी मिनिटं उघड्या डोक्याने बॉल छातीवर, बरगड्यांवर झेलत उभा होता. टेस्ट ४२५ रननी गेली, त्याला परत कधी घेतलं नाही. पण त्या संध्याकाळी तो आऊट झाला नाही.

मॅच संपल्यावर ते पोर एकटंच पाणी पीत बसलं होतं. शेजारी जाऊन बसलो. हेल्मेट क्लबचं, मोठ्या मुलांच्या मापाचं. हनुवटीखालचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघितला, तरी माझी दोन बोटं आत जात होती. आमच्या माळ्यावर लेकाचं जुनं, लहान मापाचं हेल्मेट आहे. ते आत्ता काढून पुसून ठेवलंय, उद्या पुतण्याबरोबर पाठवतो.