‘वय किती मुलाचं?’

मराठी पुस्तकांच्या दुकानात जाऊन ‘विज्ञान कादंबऱ्या कुठे आहेत हो?’ असं एकदा विचारून बघाच. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणणार, ‘वय किती मुलाचं?’ अहो, मुलाचं काय घेऊन बसलात? पंचेचाळिशी उलटलीये माझी, आणि पुस्तक मला हवंय!

मग बोट जातं बालविभागाकडे. तिथे सगळ्यात खालच्या फळीवर, गुडघे टेकल्याशिवाय दिसणार नाहीत असे, घरगुती प्रयोगांचं पुस्तक आणि पऱ्यांच्या गोष्टी यांच्या मधे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर कोंबलेले. शेजारी रंगवायच्या वह्या. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर विचारले की ‘मागवावं लागेल’, म्हणजे विसरा. अरुण साधूंची ‘विप्लवा’ मागितली तर म्हणे, ‘साधूंचं सिंहासन आहे, देऊ?’ आहे हो सिंहासन घरी! राजकारणावर लिहिलं की साधू मोठे लेखक, आणि त्यांनीच विज्ञान कादंबरी लिहिली की तिचं नावही माहीत नाही?

आणि दुकानात शिरल्या शिरल्या, दिमाखात काय मांडलंय? इंग्रजीतल्या ड्रॅगनवाल्या, उशीएवढ्या कादंबऱ्या. त्यांच्यावर माझा राग नाही, मीही रात्र रात्र जागून वाचते. पण ड्रॅगन इंग्रजीतून आला की मोठ्यांचा आणि यान मराठीतून उडालं की पोरांचं, हा कुठला न्याय?

बरं, आपल्याकडे अद्भुत आणि विज्ञान या दोन्हींचं कधी वाकडं नव्हतंच. नारळीकरांच्या पुस्तकांची नावं तरी बघा: ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासुर’. आजीच्या गोष्टीतली माणसं थेट अंतराळात! अद्भुताची ओढ तीच. फक्त पुराणात देवाने वर दिला की काम भागतं, इथे लेखकाला यानाच्या इंधनाचाही हिशेब द्यावा लागतो. मला तर त्या हिशेबातच जास्त मजा येते.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत याच नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. नावाकडे बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून! आणि पहिलं बक्षीस मिळवलं. ती काय बालस्पर्धा होती? पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही दिलंत त्यांना. पुस्तकांना मात्र अजून वरची फळी मिळेना.

घरी तरी सुख आहे का? आमचे एक काका माझ्या हातातलं पुस्तक बघून हमखास म्हणतात, ‘अजून असलं वाचतेस?’ हेच काका रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर पुष्पक विमानाच्या इंजिनाचा नकाशा टाकतात. वर तळटीप: ‘नासाही थक्क!’