पाच अंशांच्या आत

नागपुरात मे महिन्यात डायझोटायझेशन, म्हणजे ॲनिलीनचा नाजूक डायझोनियम क्षार बनवणं, करायला घेणारा माणूस एकतर नवखा असतो, नाहीतर त्याच्या गाईडला जूनमध्ये अहवाल द्यायचा असतो. मी दुसऱ्यातला. काम साधंच: ॲनिलीन, हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि वरून थेंबथेंब सोडियम नायट्राइट. अट एवढीच, तापमान ० ते ५ अंशांत राहिलं पाहिजे, नाहीतर क्षार फुटतो. बाहेर ४५. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू. लॅबचं बर्फाचं मशीन एप्रिलमध्येच बसलेलं.

मग इतवारीतून बर्फाची लादी आणणं आलं.

"लग्न कोनाकडे हाये, भाऊ?" बर्फवाल्या काकांनी विचारलं.

"लग्न नाही, प्रयोग आहे."

"असू द्या. पाहुने किती?"

लादी पोत्यात गुंडाळून स्कूटरवर पायाशी ठेवली. लॅबपर्यंत त्यातली निम्मी माझ्या चपलांत उतरली होती.

ड्राय आइसचं, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचं, मला सांगू नका. उणे ७८ वगैरे सगळं खरं. मागे एकदा मागवला होता. खोकं आलं, बिल आलं, आत काही नाही. तो वितळत नाही, सरळ वायू होऊन जातो. साधा बर्फ निदान पोतं तरी ओलं करून जातो!

तर टब, म्हणजे फ्लास्क थंड ठेवायचा बर्फाचा बाथ. मोठे खडे टाकले की फ्लास्कला चार ठिकाणी टेकतात, बाकी सगळी हवा. म्हणून बर्फ कुटायचा, पाणी घालून लगदा करायचा. त्यात जाडं मीठ, तीन वाट्या बर्फाला एक वाटी; पॉट आइस्क्रीमवाल्यांचंही तेच माप. पारा झरझर उतरतो. पण बर्फ वितळला की फ्लास्क तरंगायला लागतो आणि हळूच कलंडतो. एका हाताने त्याची मान धरायची, दुसऱ्याने नायट्राइट सोडायचं. नाकावरचा घाम कोणी पुसायचा, हे पुस्तकात दिलेलं नाही.

२ अंश. ३. निम्मं नायट्राइट गेलं आणि लाइट गेली. कूलर थांबला, स्टररही थांबला. काचेच्या कांडीने ढवळत बसलो. ५. ७. बर्फ आणायला तिसरा हात नव्हता. ९ वर बुडबुडे सुटायला लागले: क्षार फुटला, नायट्रोजन निघाला. मागे राहिला फिनॉल आणि कार्बोलिक साबणाचा वास.

गाईडना फोन केला. "बाथ नीट लावायचा ना," ते म्हणाले. मागे एसीचा आवाज येत होता.

फ्लास्क बाजूला ठेवला, उरलासुरला बर्फ टबात लोटला आणि टब व्हरांड्यात ओतायला नेला. चौकीदारभाऊ धावत आले. "फेकू नका न सर, पाय टाकू द्या." मीही चपला काढल्या. थर्मामीटर हातातच राहिला होता, सवयीने बुडवला.

४ अंश.