शिक्रा म्हणून टाकला, पावशा निघाला

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक थेट मेव्हण्याकडून, तेव्हा रोख कुणावर आहे हे वेगळं सांगायला नको. मजकुराचं सार असं : पक्षी, झाडं, नाणी, किल्ले असल्या छंदांच्या ऑनलाइन ग्रुपांवर माणसं जातात ती मिरवायला. एवढा वेळ रिकामटेकड्यांनाच असतो. खरं काम तज्ज्ञ करतात, हे नुसते फोटो टाकतात. आणि टाकलेलं सगळं चार दिवसांत वाहून जातं.

नाण्यांतलं मला काही कळत नाही. पक्ष्यांच्या ग्रुपांवर मात्र मी नऊ वर्षं आहे, तेवढ्यापुरतं बोलतो.

आधी मिरवण्याचं बघू. मिरवतात, खोटं कशाला बोला? गाडीच्या किमतीची लेन्स घेतलेली मंडळी असतात, त्यांचा स्वर्गीय नर्तक शेपटीसकट पडद्यावर येतो आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. त्यातले काही घरट्याच्या फार जवळ जातात, रेकॉर्ड केलेला आवाज लावून पक्ष्याला बाहेर बोलावतात. यावर ग्रुपांत कडाक्याची भांडणं होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पण कुठल्याही चालत्या ग्रुपवर आठवडाभर नजर टाका. तिथे सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य ‘बघा मी काय टिपलं’ हे नसतं. ते असतं ‘हा कोण?’ खाली धुरकट फोटो, उन्हाकडे पाठ केलेला कसलासा पक्षी, निम्मा फांदीआड. मिरवायला निघालेला माणूस आपलं अज्ञान असं चव्हाट्यावर मांडत नाही.

माझंच सांगतो. पहिल्याच वर्षी, मे महिन्यात, ऑफिसामागच्या कडुलिंबावर राखाडी पाठीचा, छातीवर तांबूस झाक असलेला, शेपटीवर पट्टे असलेला पक्षी दिसला. मी ऐटीत लिहिलं : शिक्रा. दहा मिनिटांत चिपळूणच्या एका काकांचं उत्तर आलं. चोच बघा म्हणाले, शिक्रा म्हणजे शिकारी पक्षी, त्याची चोच आकड्यासारखी वाकलेली असते, ह्याची तशी नाही. डोळ्याभोवती पिवळी कड आहे. आणि बसलाय कसा बघा, शिकारी असा बसत नाही. पावशा आहे. पावशा म्हणजे तोच, जन्मभर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून डोकं उठवणारा! आजीनं त्याच्या नावानं अर्धा पावसाळा मोजलेला, आणि मला त्याचं तोंड माहीत नव्हतं. थोडी लाज वाटली. पण दिवसभर जो आनंद टिकला तो काही अंगठ्यांनी मिळाला नसता. पावशाचं रूप शिक्र्यासारखं असतं आणि छोटे पक्षी त्याला बघून बिचकतात. तो अंडी घालतो ती सातभाईच्या घरट्यात. म्हणजे फसणाऱ्यांत मी एकटा नव्हतो.

माणसं तिथे जातात ती यासाठी. आपली चूक कुणीतरी न हसता दुरुस्त करावी म्हणून. घरात हे होत नाही. ‘खिडकीत कोण बसलंय बघ’ म्हटलं की ‘चिमणी असेल’ असं उत्तर येतं, आणि संपलं.

रिकामटेकड्यांचा मुद्दा किरकोळ आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते, भारतात ती 2013 पासून चालू आहे. तिची अट एवढीच की एका जागी किमान पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे. गच्चीतून, बसस्टॉपवरून, कुठूनही. फॉरवर्ड वाचून पुढे ढकलायला किती मिनिटं लागतात, हे मेव्हण्यांनी मोजावं.

तिसरा मुद्दा, खरं काम तज्ज्ञ करतात. इथे जरा थांबायला हवं, कारण भारतातल्या पक्षीशास्त्राचा इतिहासच याच्या उलट आहे. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे पेशानं सरकारी अधिकारी होते. पक्षी हा त्यांचा छंद. देशभर विखुरलेले अधिकारी त्यांना कातडी, अंडी, टिपणं पाठवत, आणि ह्यूम ती आपल्या नियतकालिकात छापत. पत्रांवर चालणारा तो ग्रुपच होता, फक्त उत्तर यायला महिना लागे. त्यातल्या ब्लेविट नावाच्या गृहस्थांनी 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडातून एक घुबड मिळवलं. पुढच्या वर्षी ह्यूमनी त्याला ब्लेविटचंच नाव दिलं. तो आपला रानपिंगळा.

रानपिंगळ्याची पुढची गोष्ट महाराष्ट्रातली आहे, आणि मिरवण्याच्या मुद्द्यालाही तीच खरं उत्तर देते. 1880 च्या दशकात खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं तिथल्या जंगलातून रानपिंगळे गोळा केले. 1884 नंतर हा पक्षी कुणाला मिळाला नाही. अपवाद एकच : 1914 मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा असलेला एक नमुना. तो होता रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहातला. लष्करी अधिकारी, मोठं नाव, शंका कोण घेणार? शोधणारे त्या नमुन्याला बांधलेल्या, ठिकाण-तारखेच्या चिठ्ठीवर विसंबून भलतीकडे भटकत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा उलगडा झाला. माइनर्ट्झहागननी डेव्हिडसनचाच जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. 113 वर्षांनी.

मिरवण्यासाठी खोटं बोलणारा माणूस ऑनलाइन ग्रुपांनी जन्माला घातलेला नाही, तो कपाटात कुलूपबंद नमुन्यांच्या काळातही होता. फरक इतकाच की तेव्हा त्याला पकडायला दशकं लागली. आज कुणी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी साठवणाऱ्या संकेतस्थळावर, कोल्हापुरात भलताच पक्षी नोंदवला, तर यंत्रणा तिथल्या तिथे खूण करते, आणि त्या भागातला पुनरीक्षक विचारतो : फोटो आहे? नसेल तर वर्णन लिहा. हे पुनरीक्षकही बिनपगारीच, दिवसाची नोकरी उरकून रात्री लोकांच्या याद्या चाळणारे. त्यांना कोण अंगठे देतं?

रासमुसेन तज्ज्ञच आहेत, हे मान्य. तज्ज्ञ लागतातच. पण तज्ज्ञांपुढे काय ठेवायचं? केरळात 2015 ते 2020 या काळात राज्यभर चौकोन आखून पक्ष्यांचा नकाशा तयार केला गेला. हजारावर स्वयंसेवक वर्षातून दोनदा, पावसात नि उन्हात, नेमून दिलेल्या चौकोनात गेले. तीन लाखांवर नोंदी, 361 जाती. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर 2023 मध्ये जो अहवाल आला तो तर सुमारे 30,000 पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. 942 जातींचा विचार त्यात केलाय. ज्या 338 जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यांतल्या 60 टक्के घटल्या आहेत. घटलेल्यांत नीलपंख आहे, दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो. तारेवर बसलेला नीलपंख इतका नेहमीचा की त्याला मोजायला तज्ज्ञ कशाला जाईल? तो कमी झाला हे कळलं ते रोज त्याच रस्त्यानं जाणाऱ्या, रोज तीच यादी भरणाऱ्या माणसांमुळे.

उरला शेवटचा मुद्दा, सगळं वाहून जातं. यात तथ्य आहे आणि ते मला बोचतं. व्हॉट्सॲपवरचं खरंच जातं. माझे पहिल्या दोन वर्षांचे फोटो एका बिघडलेल्या फोनबरोबर गेले, त्यांच्याखालची चर्चा गेली, चिपळूणच्या काकांचं ते उत्तरही गेलं. कागदाचीही काही वेगळी कथा नाही. ह्यूमची पंचवीस वर्षांची हस्तलिखितं ते सिमल्यात नसताना नोकरानं रद्दीत विकून टाकली. त्यानंतर त्यांचा या विषयातला रसच उडाला आणि 1885 मध्ये त्यांनी आपला सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

म्हणूनच माझ्यासारखे बरेच जण आता गप्पा ग्रुपवर मारतात आणि नोंद ईबर्डवर करतात. तिथे जुन्या तारखांच्या याद्याही घेतात. माझे वडील एस.टी.त होते. त्यांच्या खिशातल्या डायऱ्यांत डिझेल आणि तिकिटांच्या हिशेबामध्ये कुठेकुठे पक्षी आहेत : ‘घाटात धनेश’, ‘तळ्यावर बगळे बरेच’, ‘तारेवर नीलपंख’. सध्या रात्री जेवणानंतर मी त्या याद्या भरतोय. कुठला बगळा हे वडिलांनी लिहिलेलं नाही, म्हणून ते सोडून दिले. परवा 1986 च्या दसऱ्याचं पान आलं. नीलपंख लिहिलाय, किती ते नाही. संख्येच्या रकान्यात आकडा नसेल तर एक्स टाकायची सोय आहे. तो टाकला.