रविवारी किट, सोमवारी सीएनसी? दाव्यातला एकेक मुद्दा

मुंबईत मशीनचा छंद असलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि आयटीआयच्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घरातल्या छोट्या मिलिंग मशीनला (फिरत्या कटरने धातू कापणारं मशीन) तीन स्टेपर मोटरांचं, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरांचं किट लावा आणि ते सीएनसी करा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालवा; एका रविवारचं काम आहे. मशीन तीन मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अचूक होतं. प्ले, म्हणजे भागांमधली सैल जागा, राहिला तर सॉफ्टवेअर काढून टाकतं. मोटर जितकी मोठी तितकी चांगली. प्रोग्रॅम फुकट मिळतात, कारागिरी लागत नाही. आणि बटण दाबून खुशाल कामावर जा, संध्याकाळी जॉब, म्हणजे कापायला लावलेला तुकडा, तयार.

मिलिंग मशीन घरच्या घरी सीएनसी करता येतं. करावं, असा माझा आग्रहच आहे. पण हा मजकूर वाचून पोरं साठवलेले पैसे खिशात घालून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे निघतात आणि दोन महिन्यांनी अर्धवट सोडलेलं मशीन विकायला काढतात. ते बघवत नाही, म्हणून उत्तर देतोय.

आधी तीन मायक्रॉन. या आकड्याचं गणित बरोबर आहे, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. नेहमीच्या स्टेपरचं एक पाऊल १.८ अंशांचं, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावलं. ड्रायव्हरवर (मोटरला वीज देणारं सर्किट) मायक्रोस्टेपिंग ८ ठेवलं, म्हणजे एका पावलाचे आठ भाग केले, की झाली १६००. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा लीड, म्हणजे एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर, ५ मिमी असेल तर ५ भागिले १६००, म्हणजे ०.००३१ मिमी. ही झाली कंट्रोलरने मागितलेली हालचाल. टेबल खरंच तेवढं सरकलं का, हे या गणितात कुठेच येत नाही. शिवाय ८ मायक्रोस्टेपपैकी एका पावलामागे मोटरच्या होल्डिंग टॉर्कचा (उभ्या मोटरची धरून ठेवायची ताकद) जेमतेम २० टक्के जोर असतो. गिब (टेबलाच्या सरकायच्या खाचेतली फट भरणारी पट्टी) आवळलेली असेल, तेल सुकलेलं असेल, तर दोन-तीन पावलं जाईपर्यंत टेबल जागचं हलत नाही आणि मग एकदम उडी घेतं.

खरी गोम प्लेची आहे, आणि तो मोजायला किट घ्यावं लागत नाही. डायल गेजचा (काट्यावर बारीक हालचाल दाखवणारं मापक) मॅग्नेटिक स्टँड मशीनच्या कॉलमला चिकटवा, गेजचं टोक टेबलाच्या बाजूला टेकवा. हँडल एकाच दिशेने फिरवत गेज शून्यावर आणा आणि मग उलटं फिरवा. काटा हलायच्या आधी हँडलच्या डायलवर जेवढे भाग सरकले, तेवढा तुमचा प्ले. छंदाच्या मशीनवर ०.१ ते ०.२ मिमी निघणं अगदी नेहमीचं आहे. आता हँडल घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने टेबल डावी-उजवीकडे ढकला. हँडल आणि ब्रॅकेट यांच्यामधली फट उघडझाप करत असेल तर दोष थ्रस्ट बेअरिंगचा, म्हणजे स्क्रूला लांबीच्या दिशेने धरणाऱ्या बेअरिंगचा. फट तशीच राहून काटा हलला तर टेबलाला जोडलेला, स्क्रूवर चालणारा नट झिजलाय. टेबलाचं एक टोक पुढे-मागे दाबल्यावर टेबल तिरकं होत असेल तर गिब सैल आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि मोटर लावून त्यातला एकही होत नाही.

हाताने काम करणारा माणूस हा प्ले सांभाळून घेतो. तो नेहमी एकाच बाजूने मापावर येतो, जो अक्ष (सरकायची दिशा) चालवायचा नाही तो लॉक करतो. कॉम्प्युटर गोल कापायला लागला की दोन्ही अक्ष सतत चालू असतात आणि प्रत्येकाची दिशा एका फेरीत दोनदा उलटते. त्या चार ठिकाणी भोकाच्या कडेवर पायरी पडते. बोट फिरवलं तरी लागते.

‘सॉफ्टवेअर प्ले काढतं’ हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. लिनक्ससीएनसी आणि माक३ या मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे प्ले भरून काढणं, आहे, जीआरबीएल या प्रोग्रॅममध्ये ते नाहीच. जिथे आहे तिथे दिशा बदलताना ते तेवढी जास्तीची पावलं घालतं, एवढंच. डाउन मिलिंग करताना (कटरचे दात फिरतात त्याच दिशेने जॉब सरकतो तेव्हा) कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो, आणि नटात मोकळी जागा असली की टेबल तेवढं झटक्यात पुढे जातं. हे सॉफ्टवेअरला कळायचा मार्गच नाही. छोटे कटर असेच मोडतात.

मग कोणी म्हणतं, बॉलस्क्रू (नटात गोळ्या फिरणारा स्क्रू) लावला की प्रश्न मिटला. पुष्कळसा मिटतो, हे खरं. पण आपल्याला परवडणारे बॉलस्क्रू बहुतेक सी७ ग्रेडचे असतात, म्हणजे ३०० मिमी लांबीत ०.०५ मिमीपर्यंत चूक चालते. तीन मायक्रॉनची ती सोळापट झाली. स्क्रूच्या एका टोकाला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची (लांबीच्या दिशेचा जोरही झेलणारी) जोडी प्रीलोड, म्हणजे आधीच दाब, देऊन बसवली नाही, तर नटाचा काढलेला प्ले बेअरिंगमधून परत येतो. नागदेवी स्ट्रीटला बेअरिंग घेताना ‘साधं बॉल बेअरिंग पण चालेल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि झेड, म्हणजे वर-खालच्या, अक्षाचं कोणीच सांगत नाही: साधा स्क्रू हेडचं (कटर फिरवणाऱ्या वरच्या भागाचं) वजन आपोआप अडवून धरतो, बॉलस्क्रू धरत नाही. वीज गेली, मोटर सैल पडली, की हेड खाली येतं. खाली जॉब असेल, नाहीतर तुमचा हात. काउंटरवेट, गॅस स्प्रिंग किंवा ब्रेकवाली मोटर, यातलं एक हवंच.

मोठ्या मोटरबद्दल थोडक्यात. स्टेपरचा छापील टॉर्क हा उभ्या मोटरचा असतो. वेग वाढला की तो उतरत जातो. मोठ्या मोटरचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) सहसा जास्त, म्हणून कमी व्होल्टेजवर ती आणखी लवकर ढेपाळते. योग्य मोटर आणि ३६ किंवा ४८ व्होल्टचा सप्लाय यांची जोडी बघून घ्या. आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जळतो.

प्रोग्रॅम फुकट मिळतात, हे सोळा आणे खरं. लिनक्ससीएनसी फुकट आहे, जीआरबीएल साध्या आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर चालतं. कारागिरीचं मात्र उलट आहे. ६ मिमीचा दोन दातांचा कटर, ॲल्युमिनियम, स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) मिनिटाला २५०० फेऱ्यांवर: दर दाताला ०.०३ मिमी धरलं तर फीड, म्हणजे टेबल सरकायचा वेग, मिनिटाला १५० मिमी. हा हिशोब कॉम्प्युटर करून देईल. पण जॉब कुठे पकडायचा, पातळ भिंत कुठल्या बाजूने कापायची, आवाज बदलला म्हणजे नेमकं काय झालं, हे भांडुपच्या गाळ्यातल्या जुन्या मिलरला विचारावं लागतं. जगातलं पहिलं एनसी मशीन (आकड्यांच्या हुकमावर चालणारं, सीएनसीचं पूर्वरूप) १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीत दाखवलं गेलं, तेसुद्धा सिनसिनाटी हायड्रोटेल हे तयार मिलिंग मशीन बदलून केलेलं. म्हणजे तुम्ही करताय ते काम मानाचं आहे. ते कारागिरीशिवाय होतं असं सांगून त्याची किंमत कमी करू नका.

आता ‘बटण दाबून कामावर जा’. हे वाक्य लिहिणाऱ्याचा मला खरोखर राग येतो. स्टेपरला आपण कुठे आहोत हे कळत नाही. पावलं चुकली तरी प्रोग्रॅम पुढे धावतच राहतो, आणि कटर व्हाइसमध्ये घुसू शकतो. ॲल्युमिनियमवर रॉकेलचे थेंब सोडायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. कटरला चिप चिकटली, घासून तापली, शेजारी रॉकेल, आणि घरात कोणी नाही. चालत्या मशीनपाशी माणूस हवाच. आणीबाणीत मशीन थांबवायचं लाल मशरूम बटण कॉम्प्युटरला जोडून भागत नाही, कारण कॉम्प्युटर अडकला तर ते बटण निरुपयोगी. ते कॉन्टॅक्टरच्या (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) कॉइलच्या वायरमध्ये टाका आणि कॉन्टॅक्टरने स्पिंडल आणि ड्रायव्हर दोन्हींची वीज तोडू द्या. स्टार्ट-स्टॉप बटणांनी होल्डिंग दिलं, म्हणजे स्टार्ट दाबल्यावर कॉन्टॅक्टर स्वतःलाच धरून ठेवेल अशी जोडणी केली, की गेलेली वीज परत आली तरी मशीन आपणहून सुरू होत नाही. हा सगळा माल लोहार चाळीच्या वीजसामानाच्या बाजारात मिळतो आणि किटच्या मानाने फार महाग नाही.

बाल्कनीत मशीन ठेवायचं असेल तर पावसाळ्याचा विचार करा. मुंबईच्या दमटपणात उघडा बॉलस्क्रू आणि घासलेलं बिडाचं टेबल बघता बघता तांबूस होतं. रोज तेलाचा हात आणि वर कव्हर लागतं. रात्री दहानंतर चालवू नका, खालच्या मजल्यावर कंपन आवाजापेक्षा जास्त पोचतं.

राहिला एक रविवार. किटमध्ये मोटर, ड्रायव्हर, सप्लाय आणि बोर्ड येतो. मोटरचे माउंट, बेअरिंग ब्लॉक, नटाचं ब्रॅकेट येत नाही, कारण प्रत्येक मशीनची मापं निराळी. बॉलनटला जागा करायला बऱ्याच मशीनचं सॅडलही (टेबलाखालचा सरकणारा भाग) कापावं लागतं. म्हणून मशीन उघडण्याआधी मापं घ्या, आणि हे सगळे भाग त्याच मशीनवर, ते हाताने चालतंय तोवर कापून, भोकं पाडून, ठेवून द्या. सॅडल स्वतःवरच कापता येणार नाही, त्यासाठी ओळखीचा गाळा आधी बघून ठेवा. एकदा स्क्रू काढला की तुमच्याकडे मिलिंग मशीन नसतं, आणि एखादं माउंट दोन मिलिमीटर कमी पडलं तर ते घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.